उत्तराची प्रतीक्षा आणि प्रार्थनेचे सातत्य : पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मकथनांच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती आत्मकथनांचा विचार बहुधा धर्मांतर या एका घटनेभोवती केला जातो. धर्मांतरापूर्वीची मानसिक घालमेल, नंतर वाट्याला आलेला सामाजिक बहिष्कार आणि सुधारणेच्या चळवळीशी असलेले नाते या अंगांनी या लेखनाची चिकित्सा झाली आहे. मात्र या लेखनाच्या मुळाशी असलेला प्रार्थनेचा अनुभव, विशेषतः उत्तर मिळत नसतानाही चालू राहिलेल्या प्रार्थनेचा अनुभव, तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाईंचे १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेले आत्मनिवेदन आणि लक्ष्मीबाई टिळकांचे १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले 'स्मृतिचित्रे' या दोन ग्रंथांच्या आधारे या अनुभवाचा विचार केला आहे. श्रद्धेची परीक्षा प्रार्थनेच्या फळावरून करावी की फळ लांबलेल्या काळावरून, हा या विवेचनातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

प्रतीक्षेची परंपरा

प्रतीक्षा हा विषय मराठी ख्रिस्ती साहित्यात आरंभापासून आहे. चंदगडहून तिलारी घाट उतरून दोडामार्ग ओलांडला की गोमंतक लागतो. त्याच गोमंतकात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. या ओवीबद्ध ग्रंथाच्या पहिल्या भागात जुन्या करारातील कथा आहेत आणि दुसऱ्या भागात ख्रिस्तचरित्र आहे. म्हणजे तारणाऱ्याचे आगमन होण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्यांनी केलेली प्रतीक्षा हा या ग्रंथाच्या रचनेचाच एक भाग आहे.

दुसरीकडे, देव लवकर भेटत नाही म्हणून त्याच्याशी भांडण्याची, त्याला बोल लावण्याची भाषा वारकरी संतांनी मराठीत रुजवलेली होती. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांच्या अभंगांत तक्रार हे अश्रद्धेचे लक्षण नसून जवळिकीचे लक्षण आहे. बायबलमधील स्तोत्रसंहितेची जातकुळीही हीच आहे. तेराव्या स्तोत्रातील भक्त, हे किती काळ चालणार, असे देवाला पुन्हा पुन्हा विचारतो. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तचरणी आलो, या आशयाचे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांचा अर्थ केवळ अभंग या छंदापुरता मर्यादित नाही. देवाची वाट कशी पाहावी, याचा संस्कारही त्या सेतूवरूनच आला होता.

लूकच्या शुभवर्तमानातील विधवा

चिकाटीने प्रार्थना करावी, या उपदेशासाठी लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील दाखला नेहमी दिला जातो. देवाला न भिणाऱ्या व माणसाची पर्वा न करणाऱ्या एका न्यायाधीशाकडे एक विधवा वारंवार जाते आणि अखेर तिच्या तगाद्याला कंटाळून तो तिला न्याय देतो. या दाखल्याचे प्रचलित वाचन असे की, सतत मागत राहिल्यास देव देतो. परंतु या वाचनात दोन गोष्टी निसटतात. एक म्हणजे ही विधवा सुख, संपत्ती किंवा आरोग्य मागत नाही. ती न्याय मागते. दुसरी म्हणजे दाखल्याचा शेवट आश्वासनावर होत नाही. मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय, असा प्रश्न येशू शेवटी विचारतो. म्हणजे देव उत्तर देईल की नाही, यापेक्षा माणूस टिकून राहील की नाही, ही या दाखल्यातील खरी चिंता आहे.

रमाबाईंचे आत्मनिवेदन : दोन मौने

न्याय मागणाऱ्या विधवेचा हा दाखला पंडिता रमाबाईंच्या बाबतीत अक्षरशः लागू पडतो. त्या स्वतः विधवा होत्या आणि १८८९ साली मुंबईत सुरू केलेल्या शारदासदनापासून केडगावच्या मुक्ती मिशनपर्यंतचे त्यांचे कार्य मुख्यतः विधवा, परित्यक्ता व दुष्काळपीडित मुलींसाठीच होते. मात्र त्यांच्या आत्मनिवेदनात प्रार्थनेविषयी एक अवघड पेच आहे, त्याकडे समीक्षकाने डोळेझाक करता कामा नये.

१८७० च्या दशकातील दुष्काळात अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा करीत भटकत होते. व्रते, स्नाने, पूजा, दानधर्म सर्व यथासांग चालू होते. तरीही आईवडील व बहीण यांचा मृत्यू झाला. देवांकडून उत्तर आले नाही, हा अनुभव रमाबाईंनी आपली जुनी श्रद्धा ढासळण्याचे एक कारण म्हणून नोंदवला आहे. त्यानंतर १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु सुमारे आठ वर्षे लोटल्यावर, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नाही, असे त्यांच्या लक्षात आले. या आठ वर्षांकडे त्या अपूर्ण शोधाचा काळ म्हणून पाहतात. नव्या श्रद्धेच्या विरुद्ध पुरावा म्हणून पाहत नाहीत.

येथे आक्षेप स्वाभाविक आहे. एका देवाचे मौन हा त्याच्या नसण्याचा पुरावा आणि दुसऱ्याचे मौन ही भक्ताच्या धीराची कसोटी, असा दुहेरी न्याय कसा मान्य करावा? रमाबाईंच्या निवेदनात या आक्षेपाचे तर्कशुद्ध उत्तर नाही. परंतु दोन प्रार्थनांच्या स्वरूपातील फरक त्यात दिसतो. पहिल्या प्रार्थनेचे फळ विधीच्या अचूकतेवर अवलंबून होते. त्यामुळे फळ न मिळाल्यास विधी अधिक करणे एवढाच मार्ग उरे. दुसरी प्रार्थना कामाशी बांधलेली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व तेथील मुलींना घेऊन आल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातमधील मुलींना आसरा दिला. प्रार्थना करणारी व्यक्तीच येथे मागणीच्या पूर्ततेचे साधन झाली. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी केडगावला पुनरुज्जीवनासाठी रोजची सामूहिक प्रार्थना सुरू केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये तेथे ते घडून आले. या महिन्यांतही शाळा, उद्योग, स्वयंपाक यांचे रहाटगाडगे थांबवून चालण्यासारखे नव्हते.

तरीही एक मर्यादा उरते. साक्ष हा लेखनप्रकारच मुळी उत्तर मिळाल्यानंतर लिहिला जातो. शेवट ठाऊक असल्यामुळे मधला अंधार त्यात थोडक्यात आटोपतो. आठ वर्षांची तगमग वाचकाला त्या मानाने फार लवकर संपल्यासारखी वाटते.

'स्मृतिचित्रे' : ज्याच्यासाठी प्रार्थना, त्याची बाजू

ही मर्यादा 'स्मृतिचित्रे' ओलांडते. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. या दोन तारखांमध्ये पाच वर्षांचे अंतर आहे. पतीच्या दृष्टीने पाहिले तर ही लांबलेल्या उत्तराची पाच वर्षे होत. परंतु ग्रंथ लिहिला आहे पत्नीने आणि त्यामुळे चित्र संपूर्ण बदलते.

या काळात लक्ष्मीबाईही देवाची आळवणी करणाऱ्याच होत्या. पती धर्म सोडून गेल्याच्या आघाताने त्या खचल्या. काही काळ पंढरपुरात नातेवाइकांकडे राहिल्या. एकाच घरातील दोन माणसांच्या इच्छा परस्परविरुद्ध होत्या. एकाला उत्तर मिळणे म्हणजे दुसऱ्याला नकार मिळणे होते. पुढे पतीजवळ राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नाही. जातिभेद देवाने निर्माण केलेला नाही, हा विचार त्यांना हळूहळू आणि स्वतःच्या बुद्धीने पटला; बाप्तिस्मा त्यानंतरचा.

येथे प्रार्थनेच्या विलंबाचा एक वेगळा अर्थ हाती येतो. ज्या प्रार्थनेचे उत्तर म्हणजे दुसरे माणूसच असते, तिच्यातील विलंब हे देवाचे मौन नसून त्या माणसाचे स्वातंत्र्य असते. ते उत्तर घाईने मिळाले असते, तर ती श्रद्धा ठरली नसती, सक्ती ठरली असती. टिळकांचा तापट व लहरी स्वभाव लक्ष्मीबाईंनी विनोदबुद्धीने, पण काहीही न लपवता रंगवला आहे. त्यामुळे प्रतीक्षा ही येथे संतांची शांत समाधी होत नाही. भांडणे, दुरावा आणि पुन्हा जुळवून घेणे यांतून ती पुढे सरकते. तिची किंमत केवळ प्रार्थना करणाऱ्याने मोजलेली नाही. ज्याच्यासाठी प्रार्थना झाली, त्यानेही ती मोजली आहे, किंबहुना अधिक मोजली आहे.

अपूर्णतेचे स्थान

सर्वच प्रतीक्षा फळाला येतात असेही नाही. टिळकांनी १९१७ साली मिशनचे काम सोडून भारतीय वळणाच्या ख्रिस्ती बंधुत्वासाठी 'देवाचा दरबार' उभारला. १९१९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा तो प्रयोग बाल्यावस्थेतच होता. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्यही अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. रमाबाईंनी आपल्या कार्याची वारसदार मानलेली कन्या मनोरमा १९२१ साली वारली. १९२२ साली स्वतः रमाबाई गेल्या. अनेक वर्षे खपून केलेले त्यांचे संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर १९२४ साली छापून पूर्ण झाले. गेथशेमाने बागेत येशूने प्याला दूर व्हावा म्हणून प्रार्थना केली आणि तो दूर झाला नाही. पौलाने तीन वेळा विनंती करूनही त्याच्या शरीरातील काटा निघाला नाही. शास्त्रानेच ज्याची नोंद ठेवली आहे, ते साक्ष लिहिणाऱ्याने झाकण्याचे कारण नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, मराठी ख्रिस्ती आत्मकथनांचे वाङ्मयीन व आध्यात्मिक मूल्य त्यांतील उत्तरित प्रार्थनांच्या संख्येवरून ठरत नाही. उत्तर लांबलेल्या काळाचे चित्रण ती किती प्रामाणिकपणे करतात, यावरून ते ठरते. रमाबाईंच्या निवेदनात हा काळ कार्याने भरून निघतो. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात तो नात्याने भरून निघतो. पहिल्यात निश्चय अधिक आहे, दुसऱ्यात सत्याचे पदर अधिक आहेत. अभ्यासक्रमात 'स्मृतिचित्रे' शिकवताना विनोद आणि साधी भाषा यांपाशीच थांबण्याची प्रथा आहे. तिच्यापुढे जाऊन, १८९५ ते १९०० या पाच वर्षांत त्या घरात नेमके कोण कोणाची वाट पाहत होते, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला तर या ग्रंथाचे अधिक खोल वाचन शक्य होईल.