अटकेच्या कागदाचे गद्य

दिवाळी अंकांतून समीक्षा होते ती कादंबऱ्यांची, कवितासंग्रहांची, फार तर आत्मचरित्रांची. प्रस्तुत लेखात मी एका पानाच्या सरकारी कागदाची समीक्षा करणार आहे. माणसाला अटक करताना पोलिसांनी त्याला जो कागद द्यायचा असतो तो हा : ‘अटकेची कारणे’. तालुका आणि जिल्हा न्यायालयांत फौजदारी वकिली करताना असे बरेच कागद माझ्या हातांखालून गेले. ते मी वकिलाच्या सवयीने वाचले. म्हणजे तारीख, वेळ, कलम आणि सही एवढेच वाचले. मजकूर वाचायला मला उशीर झाला आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. तो प्रसंग पुढे येईल. आधी कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण गेल्या काही वर्षांत या एका पानाला पूर्वी कधी नव्हते इतके महत्त्व आले आहे.

संविधानाचा अनुच्छेद २२(१) सांगतो की, अटक केलेल्या व्यक्तीला शक्य तितक्या लवकर अटकेची कारणे कळवल्याखेरीज कोठडीत ठेवता येणार नाही. हेच बंधन जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७ मध्ये आहे. शब्द जवळपास तेच राहिले. बदलला तो ‘कळवणे’ या क्रियापदाचा अर्थ.

हा वाद नवा नाही. १९६२ सालचा ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल जुन्या वकिलांना आठवत असेल. प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या त्या प्रकरणात कारणांचा कागद इंग्रजीत दिला गेला होता. इंग्रजी येत नसल्याने स्थानबद्ध माणसाने हिंदी भाषांतर मागितले. उत्तर मिळाले की, पोलिस अधिकाऱ्याने मजकूर तोंडी समजावून सांगितला आहे, आणि राज्यकारभाराची भाषा अद्याप इंग्रजीच आहे. मजकूर होता १४ टंकलिखित पानांचा. सर्वोच्च न्यायालयाने हे उत्तर मान्य केले नाही. ज्याला आपली बाजू मांडायची आहे त्याला मजकूर त्याला समजणाऱ्या भाषेतच मिळाला पाहिजे, नाहीतर संधी दिली असे म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

साध्या अटकेच्या बाबतीत मात्र तोंडी कळवण्यावर पुढेही भागत राहिले. ३ ऑक्टोबर २०२३ च्या ‘पंकज बन्सल’ निकालाने आर्थिक गैरव्यवहाराच्या कायद्याखालील अटकेत कारणे लेखी देणे आवश्यक ठरवले. अटकेच्या ताणाखाली असलेला माणूस वाचून दाखवलेला मजकूर लक्षात ठेवू शकत नाही, हे त्यामागचे साधे माणुसकीचे निरीक्षण. १५ मे २०२४ च्या ‘प्रबीर पुरकायस्थ’ निकालाने हाच नियम यूएपीएखालील अटकेला लावला. ७ फेब्रुवारी २०२५ च्या ‘विहान कुमार’ निकालाने कारणे समजणाऱ्या भाषेत कळवण्यावर भर दिला आणि ती कळवली हे सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली. ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटकातील एका गाजलेल्या प्रकरणात न्यायालय थोडे मागे सरकले : लेखी कारणे दिली नाहीत म्हणून अटक आपोआप बेकायदा ठरत नाही, आरोपीचे त्यामुळे काय नुकसान झाले ते पाहावे लागेल, असे म्हटले गेले. अखेर ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, मुंबईतल्या वरळीच्या मोटार अपघाताच्या प्रकरणातून आलेल्या निकालाने नियम सर्वच गुन्ह्यांसाठी घालून दिला : कारणे लेखी, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत, आणि अगदीच अडचणीच्या प्रसंगी तोंडी सांगितली तरी दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी कागदावर. नियम पुढील अटकांना लागू. तो मोडला तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा.

वकिलांच्या खोलीत या निकालाचे स्वागत झाले. मीही केले. पण त्यानंतर न्यायालयात जे चालू झाले ते पाहून मला वाटते की आपण निकालातले घड्याळ उचलले आणि भाषा तिथेच ठेवली.

आता कागदाकडे वळू. नेहमीच्या साच्यावरून मी एक नमुना तयार केला आहे. तो असा : ‘सदर गुन्ह्याचे तपासात आपला सहभाग निष्पन्न झाला असून, आपण पुराव्यात छेडछाड करण्याची व फरार होण्याची शक्यता असल्याने आपणांस अटक करण्यात येत आहे. अटकेची कारणे आपणांस समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आली आहेत.’

या दोन वाक्यांत कर्ता कुठेही नाही. सहभाग कोणी शोधला, कशावरून शोधला, अटक कोण करतो, समजावून कोणी सांगितले? सगळे आपोआप घडलेले. या गद्याचा कणा म्हणजे ‘निष्पन्न’ हा शब्द. निष्पन्न होणे म्हणजे एखाद्या गोष्टीतून फळ म्हणून बाहेर येणे. पण इथे फळ दाखवले आहे, झाड दाखवलेले नाही. कुणी नाव घेतले? कॅमेऱ्यात दिसले? बोटांचे ठसे जुळले? घरात वस्तू सापडली? या प्रत्येक प्रश्नाला आरोपीकडे किंवा त्याच्या वकिलाकडे उत्तर असू शकते. ‘निष्पन्न’ला उत्तर नसते.

दुसरी गंमत पुरकायस्थ निकालाच्या संदर्भात ध्यानात येते. त्या निकालाने इंग्रजीतल्या ‘रीझन्स’ आणि ‘ग्राउंड्स’ या दोन शब्दांत भेद केला. आरोपी पळेल, पुरावा नष्ट करील, साक्षीदारांना धमकावील, ही झाली पहिल्या प्रकारची, कोणालाही चिकटवता येणारी कारणे. याच माणसाला का धरले, त्याच्याविरुद्ध हाती काय आहे, हे दुसऱ्या शब्दाचे क्षेत्र; आणि कळवायचे असते ते दुसरे. मराठी कागदात दोन्हींसाठी ‘कारणे’ हा एकच शब्द असल्याने पहिली लिहून दुसरी दिल्याचे समाधान मिळते. वास्तविक मराठीत सोय आहे. गावातला माणूस पोलिसांना ‘कशाच्या आधारावर धरलं?’ असेच विचारतो. कागदाचे शीर्षक ‘अटकेचे आधार’ असे केले तर लिहिणाऱ्यालाही काय लिहायचे याची आठवण राहील.

पोलिसी मराठीची टवाळी करणे सोपे आहे आणि ती बहुधा चुकीच्या जागी होते. फिर्याद, जबाब, मुद्देमाल, जामीन, हजर, फरार हे फारसी-अरबी वळणाचे शब्द लोकांना नीट कळतात. बाजारात आलेली अडाणी म्हातारीसुद्धा ते बिनचूक वापरते. उलट अधिनियम, उपबंध, दखलपात्र ही घडवलेली शब्दसंपदा तिच्यापर्यंत पोचत नाही. तरीही माझी तक्रार शब्दांच्या कुळाबद्दल नाही. घरफोडीचा पंचनामा वाचा : कडी-कोयंडा कसा उचकटला, कपाट कुठे होते, उजेड कसला होता, हे तोच हवालदार किती नेमके लिहितो! त्याला गद्य येते. वस्तूविषयी लिहिताना तो नेमका असतो, माणसाला उद्देशून लिहिताना मोघम होतो. त्याला हे एक पान कुणासाठी लिहायचे हे कधी सांगितलेलेच नाही. तो ते साहेबांसाठी आणि न्यायालयासाठी लिहितो. अटक झालेला माणूस त्याचा वाचक नसतोच.

आता तो प्रसंग. मागच्या हिवाळ्यात विधी सेवा प्राधिकरणाच्या वतीने मी रिमांडच्या कामासाठी उभा होतो. रात्रीच्या घरफोडीच्या गुन्ह्यात सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा तिशीतला माणूस आणला होता. बोली पावरी, मराठी बाजारापुरते येणारे, वाचता येत नव्हते. मी विचारले, ‘‘कागद मिळाला का?’’

‘‘मिळाला, साहेब.’’

‘‘कधी?’’

‘‘सकाळी.’’

‘‘सही तुझी?’’

‘‘अंगठा माझा.’’

मी वेळ पाहिली. दोन तासांहून जास्त झाले होते. दंडाधिकाऱ्यांनी विचारल्यावर मी सांगितले की कारणे मिळाली आहेत, त्याबाबत तक्रार नाही. तो माझ्याकडे पाहत होता, मी पुढच्या नावाकडे वळलो होतो.

सत्र न्यायालयात जामीनअर्ज देण्यासाठी काही दिवसांनी तोच कागद मी पुन्हा काढला आणि पहिल्यांदा वाचला. तिसऱ्या ओळीत लिहिले होते की त्याच्या ताब्यातून मोटारसायकल हस्तगत झाली आहे. घरफोडीत गेले होते रोख पैसे आणि भांडी. मोटारसायकल दुसऱ्याच गुन्ह्यातली, दुसऱ्याच आरोपीची. संगणकावर आधीचा मजकूर तसाच राहून गेला होता. तो काढल्यावर या माणसाविरुद्ध उरत होते ते एवढेच : सहभाग निष्पन्न. त्या मुद्द्यावर जामीन झाला. पण तोवर १९ दिवस गेले होते, आणि त्या दिवशी सकाळी मी ती ओळ त्याला वाचून दाखवली असती तर ‘ही गाडी माझी नाही’ एवढे वाक्य त्याला कुठल्याही भाषेत म्हणता आले असते.

ही चूक ठाण्याची होती, पण न्यायालयासमोर ‘तक्रार नाही’ म्हणणारा आवाज माझा होता. म्हणून ही समीक्षा वकिलांच्या वाचनाचीही आहे. आम्ही कागद मिळाला का हे विचारतो. त्यात काय आहे हे विचारत नाही. कागद दोन तासांऐवजी पावणेदोन तास आधी मिळाला तर तासभर युक्तिवाद करू, आणि पाच तास आधी मिळालेल्या निरर्थक कागदापुढे गप्प राहू.

याला दुसरी बाजू आहे. एका ठाण्यात लिहिणारे हात थोडे, बंदोबस्त, सणवार, निवडणुका. त्यात प्रत्येकाला स्वतंत्र पान लिहायचे म्हणजे तांत्रिक चुकीवर खरे गुन्हेगार सुटतील, असे अधिकारी म्हणतात. भीती अगदीच खोटी नाही. पण नोव्हेंबरच्या निकालाने कारणे देऊन पुन्हा रिमांड मागण्याची वाट मोकळी ठेवली आहे; म्हणजे चुकीची दुरुस्ती शक्य आहे. शिवाय ज्याच्याकडे खरोखर आधार आहे त्याला तो चार ओळींत लिहायला कितीसा वेळ लागतो? ‘अमुक रात्री दुकानासमोरच्या कॅमेऱ्यात तुम्ही दिसता, दुकानदाराने तुम्हाला ओळखले, चोरीची भांडी तुमच्या घरात पंचांसमोर मिळाली.’ हे लिहिता येत नसेल, तर अडचण लिहिण्याची नाही, अटकेची आहे.

निकालांनीही एक प्रश्न अर्धवट सोडला आहे. ‘समजणारी भाषा’ म्हणजे आपल्याकडे मराठी असे गृहीत धरले जाते; १९९८ च्या अधिसूचनेपासून खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे आणि ते योग्यच आहे. पण पावरी, कोरकू, गोंडी बोलणाऱ्याला, आणि वाचताच न येणाऱ्याला, लेखी मराठी म्हणजे हरिकिसनच्या हातातले इंग्रजीच. त्याच्यासाठी कागदाबरोबर वाचून सांगणारा माणूस हवा, आणि तो अटक करणारा पोलिस नसावा. ‘समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आले’ हे वाक्य आरोपी ठाण्यात येण्याआधीच साच्यात टंकलेले असते. जे समजण्याआधीच लिहून ठेवले आहे, ते समजल्याचा पुरावा कसे होईल?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद मलाही आहे. पण भाषेची परीक्षा तिच्या जुन्या ग्रंथांइतकीच, तिच्यात आज लिहिल्या जाणाऱ्या सर्वांत निकडीच्या पानावरही होते. ते पान ज्याच्यासाठी लिहिले जाते त्याच्याकडे त्या वेळी दुसरे काहीच नसते.

आता मी रिमांडच्या सकाळी एकच गोष्ट वेगळी करतो. कागद हातात घेऊन विचारतो, ‘‘यात काय लिहिलंय, मला सांग.’’ तो जे सांगेल, किंवा सांगू शकणार नाही, ते जसेच्या तसे अर्जात लिहितो आणि दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवतो. याला पाच मिनिटे लागतात. रांगेतले मागचे वकील कुरकुरतात.