‘जेव्हा माणूस जागा होतो’ : एक पुनर्वाचन

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. मराठी वाङ्मयात ते सर्वमान्य झाले. परंतु वसई-पालघरच्या पट्ट्यातील आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत ते वाचले जावे तितके वाचले जात नाही, असे आम्हांस वाटते. त्याचे एक कारण उघड आहे. लेखिका कम्युनिस्ट होत्या आणि लाल बावट्याविषयी आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात अढी होती. ती अढी बाजूस ठेवून हे पुस्तक हाती घ्यावे, कारण ज्या माणसांची ही कथा आहे ती आपल्या कुंपणाशी येऊन काम मागणारीच माणसे आहेत.

लेखिकेचा जन्म १९०७ सालचा. कायद्याची पदवी घेतलेल्या, भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झालेल्या या बाई पती शामराव परुळेकर यांच्यासह किसान सभेच्या कामात पडल्या. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली, तेथे थोडेसे वारली आले होते. त्या ओळखीतून परुळेकर दांपत्य तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू व उंबरगाव तालुक्यांत पोहोचले. तेथे त्यांना काय आढळले, हा पुस्तकाचा पूर्वार्ध होय. जमीनदाराचा निरोप येताच स्वतःचे शेत टाकून फुकट राबायचे, ही वेठ. त्याहून भयंकर प्रथा लग्नगड्याची. लग्नासाठी दोनशेच्या आत-बाहेर रुपये कर्जाऊ घेणारा वारली त्या कर्जापोटी जन्मभर सावकाराच्या दारी राबे. त्याची नवपरिणीत पत्नीही त्याच्याबरोबर बांधली जाई आणि तिच्या अब्रूस वाली उरत नसे. लेखिका स्त्री असल्यामुळे या दुसऱ्या गुलामीकडे त्यांचे लक्ष गेले आणि ती त्यांनी आडपडदा न ठेवता नोंदवली, हे पुस्तकाचे मोठे मोल आहे.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे पाच हजार वारली जमले. तेथे ठरलेल्या गोष्टी मोजक्या होत्या: रोज १२ आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या खासगी शेतावर कामास जायचे नाही, वेठ करायची नाही, अंगावर हात टाकला तर प्रतिकार करायचा, आणि सर्वांनी एकजूट राखायची. आज हा ठराव साधा वाटेल. पण ज्याने पिढ्यान्‌पिढ्या मालकासमोर मान वर केली नव्हती, त्याने बोलावणे आले असता घरीच बसून राहणे म्हणजे काय, हे या पुस्तकातून कळते. बारा आण्यांचा हिशेब आणि माणसाच्या मनातील भीती यांचा संबंध लेखिकेने अचूक हेरला आहे. मजुरी वाढण्याच्या आधी भीती ओसरावी लागते, आणि भीती एकट्यादुकट्याची ओसरत नाही.

पुस्तकाचे शीर्षकच पाहावे. ‘जागा होतो’ असे लेखिका म्हणतात. ‘जागा केला’ असे म्हणत नाहीत. शीर्षकात पक्षाचे नाव नाही, नेत्याचे नाही, जमातीचेही नाही. आहे तो केवळ माणूस. चळवळीच्या पुस्तकांत पुढाऱ्याची आरती ओवाळली जाण्याचा धोका नेहमीच असतो. येथे लेखिकेने व्याकरणातच त्यास आळा घातला आहे, असे म्हणता येईल.

या जागे होण्याची किंमत लवकरच मोजावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे खोट्या निरोपांवर विसंबून हजारोंचा जमाव गोळा झाला. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. तरीही पुढील वर्षी, १९४६ साली, पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये दर मिळावा म्हणून मजुरांनी संप केला. आपली माणसे मारली गेल्यावर वर्षभराने तीच माणसे वजन आणि दर यांची भाषा बोलू लागतात, ही आमच्या मते या कथेतील सर्वांत विलक्षण गोष्ट आहे.

आता एक मर्यादा सांगणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते. सारी कथा प्रथमपुरुषी आहे आणि तो प्रथमपुरुष शहरातून आलेल्या सुशिक्षित स्त्रीचा आहे. वारल्याचे जागे होणे आपण तिच्या डोळ्यांनी पाहतो. त्याला स्वतःला आतून काय वाटले, घरी परतल्यावर तो बायकोशी काय बोलला, हे बरेचसे आपल्या हाती लागत नाही. लेखिकेच्या प्रामाणिकपणाचा हा दोष नव्हे. बाहेरून आलेल्या कोणाही निवेदकाची ती सीमा आहे. पुढे आदिवासी लेखकांनी ही उणीव उघड बोलून दाखवली. शहाद्याच्या श्रमिक संघटनेत घडलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता याच दुखण्यावर बोट ठेवते: ज्यांचे दुःख, त्यांनाच व्यासपीठ नाही. परुळेकरांचे पुस्तक आणि ही कविता शेजारी ठेवून वाचल्यास दोहोंचा अर्थ अधिक खुलतो.

हा सारा मामला इतिहासजमा झाला, असे मात्र कोणी समजू नये. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. पण १९८२ साली स्थापन झालेली श्रमजीवी संघटना आपल्याच वसई तालुक्यातील वेठबिगारांच्या मुक्तीच्या कामातून उभी राहिली, हे विसरता येत नाही. आजही पावसाळा सरला की जव्हार-मोखाड्याकडील कुटुंबे बयाणा घेऊन वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. मुलांची शाळा मागे राहते आणि हिशेब मालकाच्या वहीत राहतो. लग्नगड्याचे कर्ज आणि भट्टीवरचा बयाणा एकच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. मात्र आगाऊ घेतलेली रक्कम माणसास कशी बांधून टाकते, हे ज्यास समजून घ्यावयाचे आहे, त्याने या पुस्तकाकडे वळावे.

आपल्या वाचकास हे पुस्तक आणखी एका कारणाने अस्वस्थ करील. आपल्यातील कित्येक घरांचे आजोबा-पणजोबा दुसऱ्याच्या जमिनीची कुळे होते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळकायद्याने कसणारा मालक झाला. खोताच्या वा जमीनदाराच्या दारी ताटकळणे काय असते, ते आपल्या घरांतील जुन्या गोष्टींत अजून ऐकू येते. आज त्याच घरांच्या वाडीत फुले खुडण्यास, भात लावण्यास वारली बाया येतात. तेव्हा या कथेत वाचकाने कोठे उभे राहावे? दडपलेल्याच्या बाजूने अश्रू ढाळणे सोपे असते, कारण पुस्तकातील जमीनदार आपण नसतो. रोज कोण ठरवतो, जेवणाची सुट्टी किती, आजारी पडलेल्या बाईची हजेरी कापायची की नाही, या प्रश्नांशी पुस्तक आपणांस आणून सोडते, आणि त्यांचे उत्तर प्रत्येक घराने आपापल्या ओटीवर द्यावयाचे आहे.

धर्मग्रामांतील वाचनालयांत या पुस्तकाची एक तरी प्रत असावी. युवकांच्या मंडळांनी ते एकत्र वाचावे, आणि शक्य झाल्यास त्या वाचनास वाडीवर येणाऱ्या एखाद्या कामगार बाईस वा बाप्यास आग्रहाने बोलवावे, बोलू द्यावे. लेखिकेस जे सांगता आले नाही, ते कदाचित त्या सांगतील.