हेतुनिवेदनातील कर्ता : रसायनशास्त्राच्या संशोधनप्रवेशासंबंधी एक भाषिक विचार

अमेरिकेतील विद्यापीठांत रसायनशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यास गुणपत्रके व बहुधा तीन शिफारसपत्रे यांखेरीज एक लहानसा लेख पाठवावा लागतो. त्यास हेतुनिवेदन म्हणावयास हरकत नाही. एक-दोन पृष्ठांच्या ह्या लेखाकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. जॉन स्वेल्स ह्यांनी विद्याक्षेत्रातील ज्या लेखनप्रकारांना दृष्टिआड राहिलेले प्रकार असे मानले, त्यांच्याच जातीचा हा प्रकार होय. शोधनिबंध कोणासही ग्रंथालयात पाहावयास मिळतो. यशस्वी हेतुनिवेदन मात्र लिहिणारा आणि निवडसमिती ह्यांच्याच दप्तरी राहते. ज्या महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी परदेशी गेलेले आहेत, तेथे नमुने हातोहात फिरतात. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्यास ते दिसतही नाहीत. म्हणून ह्या लेखनाची चिकित्सा हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

जी. आर. ई.ची रसायनशास्त्र ह्या विषयाची परीक्षा २०२३ मध्ये बंद झाली. निरनिराळ्या देशांतील उमेदवारांस एकाच मापाने मोजण्याचे एक साधन त्यामुळे नाहीसे झाले आणि शब्दांवरचा भार साहजिकच वाढला. आपल्याकडील संशोधनप्रवेशात नेट, गेट ह्यांसारख्या परीक्षा आणि मुलाखत ह्यांना महत्त्व असते. मुलाखतीत परीक्षक अडवून विचारू शकतो, ‘हे तुम्ही स्वतः केलेत काय?’ निवेदनाला असा प्रतिप्रश्न करता येत नाही. त्याचे उत्तर वाक्यरचनेतच असावे लागते.

नेमके येथेच मराठी विद्यार्थ्याचे लेखन अडखळते. ‘मिश्रण बारा तास ढवळण्यात आले, संयुग स्तंभवर्णलेखनाने शुद्ध करण्यात आले’ ही प्रयोगवहीची भाषा त्याच्या हाडीमाशी खिळलेली असते. तीत कर्ता नाही, आणि नसणेच योग्य. कारण प्रयोग कोणीही केला तरी निष्पत्ती तीच यावी, अशी त्या भाषेची प्रतिज्ञा असते. हेतुनिवेदनाची प्रतिज्ञा नेमकी उलटी आहे. तेथे निष्पत्तीपेक्षा निर्णय कोणाचा, हे कळावयास हवे.

मराठी भाषेचाच स्वभाव कर्त्याला मागे ठेवण्याचा आहे, असे एक स्पष्टीकरण ह्यावर देण्यात येते. ते टिकत नाही. ‘मी संयुग शुद्ध केले’ ह्या वाक्यात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणून परंपरागत व्याकरण त्यास कर्मणी प्रयोग म्हणते. तथापि ‘मी’ वाक्यात ठामपणे उभा असतो. दोष व्याकरणाचा नसून प्रयोगवहीच्या संस्काराचा आहे.

‘आम्ही’ ह्या सर्वनामाची गोष्ट निराळी. मराठीत ते ऐकणाऱ्यास वगळते, ‘आपण’ त्यास सामावून घेते. शिवाय विनयाने किंवा रूढीने एकटा लेखकही स्वतःस ‘आम्ही’ म्हणवितो. इंग्रजीतील ‘वुई’मध्ये हे सर्व भेद बुजून जातात. विनयी विद्यार्थ्याने ‘आम्ही’ मनात धरून ‘वुई’ लिहिले की वाचणाऱ्यास तो प्रयोगशाळेतील गर्दीतला एक भासतो. ह्या भीतीने दुसरा विद्यार्थी सर्वत्र ‘मी’ घालतो आणि वरिष्ठ सहकाऱ्याचे काम आपल्या नावावर चढवितो. मार्गदर्शकाचे शिफारसपत्र त्याच पाकिटात असते, ह्याचा त्याला विसर पडतो. पहिल्यात स्वतःवर अन्याय होतो, दुसऱ्यात इतरांवर.

ह्या दोहोंतून सुटण्याचा मार्ग एका कल्पित उदाहरणाने दाखविता येईल. ‘लहानपणापासून मला रसायनशास्त्राची अनिवार ओढ होती’ हे वाक्य खरे असले तरी निरुपयोगी आहे. ते कोणाच्याही अर्जात शोभेल. उलट पुढील वाक्ये पाहावीत : ‘सुझुकी अभिक्रियेत बोरॉनिक आम्लातील बोरॉन गळून जात असल्यामुळे अपेक्षित संयुग कमी मिळत होते. अभिक्रियेची योजना मार्गदर्शकांची होती. निराळ्या आम्लारीचा वापर करून पाहण्याची कल्पना माझी. तीत सुधारणा अल्पच झाली, आणि पाण्याच्या अंशाचा विचार आधी करावयास हवा होता, हे ध्यानी आले.’ येथे आत्मस्तुतीचा एकही शब्द नाही. तरीही वाटा कोणाचा, विचार कसा चालला आणि चूक कोठे झाली, हे स्पष्ट आहे. अपयशाची कबुलीच येथे पात्रतेचा पुरावा ठरते.

निवेदनाचा उत्तरार्ध ह्यातूनच निघावयास हवा. अमेरिकेतील पुष्कळ विभागांत प्रवेश विभागाला मिळतो व मार्गदर्शक पहिल्या वर्षात ठरतो. म्हणून दोन-तीन प्राध्यापकांच्या कामाचा निर्देश करण्याची प्रथा आहे. परंतु केवळ नावांची माळ ओवल्याने काही साधत नाही. स्वतःचा अपुरा राहिलेला प्रश्न त्यांच्या कामाशी कोठे जुळतो, हे सांगणारे एक वाक्यही पुरेसे असते.

हा लेखनप्रकार विद्यार्थ्यास बढाई शिकवितो, हा आक्षेप अगदीच निराधार नाही; उत्साहाची ठरीव विशेषणे त्यात बोकाळली आहेत खरी. परंतु तो दोष प्रकाराचा नसून अनुकरणाचा आहे. आपल्या पदव्युत्तर वर्गांत प्रयोगवहीबरोबरच ‘काय केले, कोणी ठरविले, का फसले’ असे एक पान दर सत्रात मराठीत लिहून घेतले, तर अर्जाच्या वेळी नमुना शोधीत हिंडण्याची वेळ विद्यार्थ्यावर येणार नाही. आणि जो कोठेही अर्ज करणार नाही, त्यालाही आपल्या कामातील आपला वाटा नेमका किती, हे ओळखता येईल.