चौकटीतला हात

माझ्या आठवीच्या वर्गातील वह्या तपासताना गेली दोन-तीन वर्षे एक गोष्ट सारखी ध्यानात येते. वहीची पुढली पाने माझी असतात आणि मागली पाने जपानची. मोठाले पाणीदार डोळे, वाऱ्यावर उभे राहिलेले केस, हातात लांब तलवार. धानाच्या बांधांवरून चालत शाळेत येणाऱ्या या पोरांनी जपान पाहिलेला नाही. पण मोबाइलच्या वीतभर पडद्यातून तो त्यांच्या घरात राहायला आला आहे. एका मुलाला ही पाने फाडून टाकण्याची आज्ञा मी केली. त्याने ती निमूटपणे पाळली. त्याचा तो निमूटपणा मनातून जाईना. गेल्या उन्हाळ्यात मी मुंबईला गेलो तो हे ओझे बरोबर घेऊनच.

जपानी अॅनिमेशनपटांची प्रदर्शने हल्ली निरनिराळ्या देशांत भरतात आणि त्यांत पाहणाऱ्याला चित्रांनी चहूंकडून वेढून टाकण्याची रीत रूढ होत आहे. भंडारा जिल्ह्यातल्या शाळामास्तराला ती कुठली दिसायला! पण मुंबईला पेडर रोडवर, पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात, राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि तिथवर जायला विदर्भ एक्स्प्रेसची एक रात्र पुरते. 19 जानेवारी 2019 रोजी त्याचे उद्घाटन झाले. गुलशन महाल ही एकोणिसाव्या शतकातली वास्तू आणि तिच्या जोडीला उभारलेली नवी इमारत, असा त्याचा संसार आहे. नव्या इमारतीत मुलांसाठी चित्रपटविद्येचा एक स्वतंत्र विभाग आहे. त्याच विभागात पाहणाऱ्याला अनुभवात बुडवू पाहणारे ‘इमर्सिव्ह’ दालन आहे आणि निर्जीव वस्तूंना एकेका छायाचित्रातून चालविण्याची, म्हणजे ‘स्टॉप-मोशन’ची, कार्यशाळाही आहे. या दोहोंच्या मध्ये उभा असताना मला जो प्रश्न पडला, तो केवळ संग्रहालयाचा नाही, साऱ्या कलास्वादाचा आहे.

या आवाराला जपान परका नाही, हेही आधी सांगितले पाहिजे. 1956 साली फिल्म्स डिव्हिजनने कार्टूनपटांचा विभाग काढला. डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स येथे शिकवायला आले आणि 1957 साली जातकातल्या हरणाच्या कथेवर ‘द बॅनियन डीअर’ हा पट तयार झाला. या विभागात घडलेले राम मोहन पुढे युगो साको आणि कोइची सासाकी या जपानी दिग्दर्शकांच्या जोडीने ‘रामायण: द लीजंड ऑफ प्रिन्स राम’ या चित्रपटाचे एक दिग्दर्शक झाले. 1992 साली तयार झालेला हा चित्रपट 2025 च्या जानेवारीत आपल्याकडे पुन्हा लागला, तेव्हा मी तो पाहिला. धोतराचा घोळ कसा पडतो, नमस्काराला हात कसे जुळतात, हे जपानी चित्रकारांनी भारतीय सहकाऱ्यांकडून समजून घेतले होते. ते शिकणे चित्रात दिसते. राम आपला आहे, वने आपली आहेत. पण समुद्राच्या लाटेला जी रेषा आहे ती दुसऱ्या देशाच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. मला हा चित्रपट आवडला तो याच दुहेरीपणामुळे. मी अयोध्येत होतो, आणि कुणीतरी अयोध्या काढतो आहे याचे भानही मला होते.

न. चिं. केळकरांनी मांडलेली ‘सविकल्प समाधी’ ती हीच. कलेत आपण दुसऱ्याच्या ठिकाणी जातो, पण आपले ‘मी’पण घरी गहाण ठेवून जात नाही. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्रभर दंडार रंगते. लुगडे नेसून उभी राहिलेली राणी ही वास्तविक शेजारच्या आळीतला शेतकरी आहे, हे बायाबापड्यांना पक्के ठाऊक असते. तरी तिच्या विलापाने त्या डोळ्यांना पदर लावतात. ठाऊक असूनही रडणे, यातच रसिकतेचे सारे मर्म आहे.

वेढून टाकणाऱ्या प्रदर्शनाला नेमके हे ठाऊकपणच नको असते. चित्राची चौकट काढून घेणे हे त्याचे मुख्य साधन. चौकट गेली की कुठून पाहावे आणि कुठे थांबावे, ही पाहणाऱ्याची निवडही गेली. त्या दालनात मी काही वेळ भारावलो हे कबूल करतो. माझ्या भाचीला तर तिथून हलवेना, आणि मुलांना संग्रहालयाच्या दारापर्यंत आणण्याचे काम असे आकर्षण करीत असेल तर त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. दोष त्या दालनाचा नव्हे. बुडणे म्हणजेच अनुभवणे, या समजुतीचा आहे.

गंमत अशी की, ज्या जपानी चित्रांच्या नावाने हा वेढा घातला जातो, ती चित्रे स्वतः फार हात राखून काढलेली असतात. पडद्यावरून सेकंदाला 24 चौकटी जातात. 1963 साली ओसामू तेझुका यांची ‘अॅस्ट्रो बॉय’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, तेव्हा वेळ आणि पैसा दोन्ही तोकडे होते. म्हणून एकच चित्र अनेकदा तीन-तीन चौकटी टिकविण्याची काटकसर तिथे रुळली. काटकसरीतून एक शैली जन्मली. दोन चित्रांमधली उणीव प्रेक्षकाचा डोळा भरून काढतो. हायाओ मियाझाकी यांच्या ‘माय नेबर टोटोरो’ (1988) मध्ये दोन मुली पावसात बसथांब्यावर नुसत्या उभ्या असतात. काही घडत नाही, म्हणून आपण पाऊस ऐकू लागतो. त्या रिकाम्या जागेत प्रेक्षकाला बसायला पाट मांडलेला असतो. चहूंकडून भिंती हलू लागल्या की तो पाट उचलला जातो.

मग मी कार्यशाळेच्या बाजूला आलो. मास्तराच्या खिशात खडू असायचाच. भाचीने त्याचे चार तुकडे केले, टेकून ठेवलेल्या मोबाइलसमोर मांडले आणि तंत्र मला समजावून दिले: तुकडा किंचित सरकवायचा, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायचा. पाच-सात वेळा हे झाल्यावर ती वैतागून म्हणाली, “मामा, हात काढा ना लवकर! चित्रात येतो तुमचा हात.” शेवटी खडूचे तुकडे तुरुतुरु चालले, आणि मधेच एकदा, क्षणभर, माझा हात लकाकून गेला. ती हसली. मला मात्र दादासाहेब फाळके आठवले. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली पडद्यावर आला, पण त्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून रोप पडद्यावर उगवून दाखविले होते. पुढे ‘आगकाड्यांची मौज’ या पटात त्यांनी साध्या काड्यांना नाचविले. या देशातली ही कला वाटाण्यापासून आणि काडीपासून निघाली आहे. तिला भिंतीएवढा पडदा लागला नाही, धीर लागला.

मियाझाकी यांच्या पुढाकाराने 2001 साली जपानात मिताका येथे उघडलेल्या घिब्ली संग्रहालयाविषयी मी जे वाचले, त्यातही हेच आहे. आत छायाचित्रे काढू देत नाहीत. तिकीट म्हणून चित्रपटाच्या फितीचा तुकडा हाती देतात, आणि चित्रकाराचे पसाऱ्याने भरलेले टेबल मांडून ठेवतात. जादू दाखवितात आणि जादूगाराचे हातही दाखवितात.

संग्रहालयाची परीक्षा आत असताना होत नाही. घरी परतलेला माणूस काय करू लागतो, यावर ती होते. शाळा उघडली तेव्हा मी त्या मुलाला बोलावले आणि एक कोरी वही दिली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तेच चित्र किंचित बदलून काढ, मग पाने भराभर सोड, एवढेच सांगितले. आठ दिवसांनी त्याने वही आणून दिली. डोळे अजून जपानीच होते. पण त्या डोळ्यांचा पोरगा डोक्यावर धानाची पेंडी घेऊन बांधावरून चालत होता. चार पाने राहून गेल्यामुळे तो मधेच अडखळत होता. मी ती पाने भरायला सांगितली नाहीत.