फोल्डरचे चित्र: उपयोगी, पण अपुरे

संगणकाच्या पाठात विद्यार्थ्यांना फोल्डर म्हणजे पिशवी आणि फाइल म्हणजे तिच्यात ठेवलेला कागद, असे सांगितले जाते. फोल्डरचे हे चित्र १९८१ साली झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या संगणकाबरोबर बाजारात आले. कचेरीतल्या माणसाला संगणक परका वाटू नये हा त्यामागील हेतू होता व तो साधला, हे आम्हाला मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो या चित्रालाच संगणकाची रचना म्हणून शिकवण्याला.

खरी रचना केन टॉमसन व डेनिस रिची यांनी १९७४ सालीच, युनिक्सवरील आपल्या लेखात स्पष्ट मांडली होती. डिरेक्टरी, म्हणजेच फोल्डर, ही केवळ एक यादी असते. तीत फाइलचे नाव आणि त्यापुढे एक क्रमांक, एवढेच असते. त्या क्रमांकाची नोंद, म्हणजे आयनोड, वेगळीकडे असते. फाइलचा मालक कोण, आकार किती, मजकूर डिस्कवर कोठे आहे, हे त्या नोंदीत असते. नाव मात्र नसते.

शिक्षकांना हे सहज पटेल. विद्यार्थ्याची नोंद जनरल रजिस्टरात एकाच क्रमांकाखाली असते; त्याचे नाव मात्र वर्गाच्या यादीत असते, स्काउटच्या यादीतही असते. एका यादीतून नाव खोडले म्हणून मूल शाळेतून जात नाही. युनिक्समध्येही एक फाइल दोन याद्यांत असू शकते. शेवटच्या यादीतले नाव गेले की मगच तिची जागा मोकळी समजतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. मोठा चित्रपट एकाच डिस्कवर या फोल्डरातून त्या फोल्डरात क्षणात जातो. पेनड्राइव्हवर न्यायला मात्र बराच वेळ लागतो. असे का? पहिल्या वेळी केवळ यादीतली नोंद बदलली, मजकूर जागचा हललाच नाही. पिशवीच्या चित्राकडे याचे उत्तर नाही.

याहून गंभीर गोष्ट फाइल पुसण्याची. पेनड्राइव्हवर पुष्कळदा आढळणाऱ्या फॅट पद्धतीत फाइल पुसताना नावाच्या पहिल्या अक्षराजागी एक खूण केली जाते व जागा मोकळी म्हणून नोंदवली जाते. त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तसाच राहतो व परत मिळवता येतो. मुलांचे पत्ते आणि गुण 'पुसून' पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याला पिशवीचे चित्र ही सूचना देत नाही.

चित्र जरूर दाखवावे. पण त्यामागची यादीही त्याच तासाला फळ्यावर काढावी.