समूहनृत्याचे छायाचित्र : दृश्यसौंदर्य आणि अर्थ
(गोंड नृत्यांच्या छायाचित्रांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

नृत्य ही काळात उलगडणारी कला आहे, तर छायाचित्र काळाचा एक सूक्ष्म अंश थांबवून धरते. ज्या गतीमुळे नृत्याला नृत्यपण येते ती गतीच छायाचित्रात नसते. तरीही काही छायाचित्रांत नृत्याचा प्रत्यय येतो, तर काहींत केवळ नटलेली माणसे दिसतात. हा फरक कशामुळे पडतो, हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यापुरता पाहिला तर केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही. सालेकसा, देवरी या तालुक्यांतील गोंड समाजाच्या नृत्याची ओळख बाहेरच्या अनेकांना वार्षिकांक, भित्तिपत्रके व प्रदर्शने यांतील छायाचित्रांतूनच होते. छायाचित्रात जे दिसले तेच ते नृत्य, असे मानले जाते. म्हणून समूहनृत्याच्या छायाचित्राचे सौंदर्य नेमके कोठे असते आणि त्याचा अर्थ कशावर अवलंबून असतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एकल नृत्याचा निकष

नृत्याच्या छायाचित्राविषयीची रूढ अभिरुची एकल नृत्यावर घडलेली आहे. अमेरिकन छायाचित्रकार बार्बरा मॉर्गन यांचे मार्था ग्रॅहॅम यांचे 1940 मधील छायाचित्र याचे प्रसिद्ध उदाहरण होय. कवयित्री एमिली डिकिन्सन यांच्यावर आधारित 'लेटर टू द वर्ल्ड' या नृत्यरचनेतील तो क्षण आहे. धड पुढे झुकलेले, हात कपाळाशी, एक पाय मागे उंचावलेला आणि त्याबरोबर उसळलेला घोळदार झगा, अशी ही आकृती आहे. शरीर वाकले आहे, पण वस्त्र वर झेपावते आहे. या दोन विरुद्ध दिशांच्या ताणातून वेदना व्यक्त होते. मॉर्गन यांनी हा क्षण प्रयोग चालू असताना टिपलेला नव्हता. नृत्याचे सार ज्यात एकवटले आहे असे क्षण आधी निवडून ते कॅमेऱ्यासमोर पुन्हा करून घेण्याची त्यांची पद्धत होती.

भारतीय परंपरेतही या निकषाला आधार सापडतो. नाट्यशास्त्रात 108 करणांचे वर्णन आहे आणि चिदंबरमच्या मंदिरात ती शिल्पबद्ध झाली आहेत. करण ही मुळात हालचाल आहे. शिल्पकाराने तिच्यातील एक स्थिती निवडली. शास्त्रीय नृत्याचा छायाचित्रकारही मुद्रा, दृष्टी आणि अंगविन्यास एकाच वेळी पूर्णत्वाला पोहोचतात त्या क्षणाची वाट पाहतो. येथे सौंदर्य स्थितीत असते आणि अर्थ चेहऱ्यावर असतो.

हाच निकष समूहनृत्याला लावला की घोटाळा होतो. पंधरा स्त्रियांच्या रांगेतून एक हसरा चेहरा निवडला जातो आणि उरलेल्या चौदा जणी पार्श्वभूमी होतात. ते व्यक्तिचित्र म्हणून चांगले असू शकते. नृत्याचे छायाचित्र मात्र ते राहत नाही.

झाकलेला चेहरा

बस्तरमधील दंडामी माडियांच्या नृत्याची छायाचित्रे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. व्हेरियर एल्विन यांनी 1940 च्या दशकात या प्रदेशाचा अभ्यास करताना, तसेच सुनील जाना यांनी आदिवासी भारतातील आपल्या भ्रमंतीत, हे नृत्य टिपले. पुरुषांच्या मस्तकी गव्याच्या शिंगांचा मुकुट, त्यावर पिसांचा तुरा, समोर लोंबणाऱ्या कवड्यांच्या सरी आणि गळ्यात अडकवलेला लांबट ढोल, असा हा वेश असतो. स्त्रियांच्या हाती काठ्या असतात.

कवड्यांच्या सरींनी चेहरा जवळजवळ झाकला जातो, ही यातील महत्त्वाची बाब होय. अभिनयाचे प्रमुख स्थानच दृष्टीआड झाल्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष आकारांच्या पुनरावृत्तीकडे वळते. शिंगांच्या कमानी एकापाठोपाठ एक येतात, त्यांच्याखाली ढोलांची आडवी रेघ धावते. कमानी एकसारख्या, पण प्रत्येकीचा कल थोडा वेगळा. या थोड्याशा फरकातून लय निर्माण होते. संगीतात समान अंतराने येणाऱ्या आघातांमुळे ताल जाणवतो. त्याच रीतीने येथे आकार आणि त्यांमधील मोकळी जागा यांमुळे ताल डोळ्यांना जाणवतो. समूहनृत्याच्या छायाचित्राचे सौंदर्य एखाद्या स्थितीत नसून अशा अंतरांत असते.

रेला : जोडलेले हात

गोंदिया व गडचिरोली भागात परिचित असलेल्या रेला नृत्यात वेशाचा असा भव्यपणा नसतो. गीताच्या पालुपदावरून ओळखल्या जाणाऱ्या या नृत्यात स्त्रिया एकमेकींच्या हातांत हात किंवा कमरेभोवती हात गुंफून एका पदन्यासात सरकतात आणि स्वतःच गातात. येथे नृत्याचा घटक एक शरीर नसून दोन शरीरांमधील दुवा असतो. म्हणून चौकट कोठे कापली जाते, याला विलक्षण महत्त्व येते. कडेच्या नर्तकीचा गुंफलेला हात कापला गेला, तर साखळी तुटते; तो चौकटीबाहेर जाताना दिसला, तर रांग पुढेही चालू असल्याची जाणीव होते.

तांत्रिक निवडही अर्थ घडवते. सेकंदाच्या पाचशेव्या भागात पावले जागीच गोठतात. सेकंदाच्या पंधराव्या भागात हात गुंफल्यामुळे तुलनेने स्थिर राहणारी खांद्यांची रेषा ओळखता येते, पावले मात्र पुसट होतात. रूढ अर्थाने हा दोष. पण वर बंध आणि खाली गती, हे या नृत्याचे स्वरूप तोच दोष अधिक प्रामाणिकपणे सांगतो.

पाहण्याची जागा

डहाणूजवळील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या परंपरेतील तारपा नृत्याचे चित्र येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरते. मध्यभागी तारपावादक आणि त्याच्याभोवती नर्तकांची सर्पिल साखळी, असा तो प्रसिद्ध आकार आहे. चित्रकाराने जमीन वरून पाहिली आहे, मनुष्याकृती मात्र समोरून रेखाटल्या आहेत. प्रत्यक्षात एकाच जागेवरून असे दिसणे अशक्य आहे. परंतु साखळीत नाचणाऱ्याला आपण वर्तुळात आहोत हे ठाऊक असते. चित्रकार ते ठाऊक असणे रंगवतो.

कॅमेऱ्याला ही मुभा नाही. तो जमिनीवर, बहुधा वर्तुळाबाहेर उभा असतो. त्याला जवळच्यांच्या पाठी आणि दूरचे चेहरे दिसतात. ही अडचण टाळण्यासाठी छायाचित्रकार अनेकदा नर्तकांना कॅमेऱ्याकडे तोंड करून सरळ रांगेत उभे करतो. त्या क्षणी वर्तुळ मोडते. एकमेकांसाठी होणारे नृत्य प्रेक्षकांसाठीचे प्रदर्शन होते. पाठी दिसणारे छायाचित्र कमी आकर्षक असेल, पण ते पाहणाऱ्याला त्याची जागा सांगते : तो वर्तुळाबाहेर आहे.

ओळीतला अर्थ

अर्थाचा मोठा भाग छायाचित्राखालील ओळीत असतो. सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेच्या सुमारास यात्रा भरते. पारी कुपार लिंगो यांच्या कथेशी जोडलेल्या या गुहेच्या दर्शनाला अनेक राज्यांतून गोंड बांधव येतात. तेथील नृत्य श्रद्धेचा भाग आहे. लग्नातील नृत्य, पिकांच्या सणातील नृत्य आणि शासकीय स्वागत समारंभातील नृत्य यांची छायाचित्रे सारखी दिसू शकतात. त्यांचे अर्थ मात्र सारखे नसतात. 'आदिवासी नृत्य' एवढीच ओळ छापली की हे सर्व भेद पुसले जातात. बस्तरचा शिंगांचा मुकुट सरसकट 'गोंडी' प्रतीक म्हणून वापरला जातो, तेव्हा गोंदियाच्या गावातील साधी, मुकुटाविना नाचणारी रांग अपुरी वाटू लागते. शेजारच्या गावातील माणसे अशा रीतीने नमुना बनतात.

निष्कर्ष

समूहनृत्याच्या छायाचित्राचे सौंदर्य आकारांच्या पुनरावृत्तीत, त्यांमधील अंतरात व दुव्यात असते, आणि त्याचा अर्थ स्थळ, प्रसंग व पाहणाऱ्याची जागा यांवरून ठरतो. त्यामुळे महाविद्यालयीन प्रकल्पांत छायाचित्रासोबत गाव, प्रसंग, नृत्याचे स्थानिक नाव व गीताची नोंद असणे, नर्तकांची संमती घेणे आणि ती असल्यास त्यांची नावे देणे अगत्याचे ठरते. छायाचित्र त्या गावी परत नेऊन दाखवले, तर वर्तुळाच्या आतून ते कसे दिसते, हे सांगणारी माणसे तेथेच भेटतील. त्यांच्या वाचनाशिवाय कोणतेही रसग्रहण अर्धेच राहते.