एका टक्क्याचा हिशोब

सुपरमार्केटात ओट दुधाच्या खोक्यावर ‘इतके ग्रॅम कार्बन’ असं छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. धान्यापासून केलेल्या पदार्थाच्या अशा आकड्यात शेतातल्या खताचा वाटा बराच असतो. तो मोजला कुणी? बहुतेक वेळा कुणीच नाही. तो एका गुणाकाराने काढलेला असतो. माझी तक्रार त्या गुणाकाराच्या वापराबद्दल आहे.

घातलेलं सगळं नत्र पिकाला मिळत नाही. मातीतले जिवाणू त्यातल्या थोड्या नत्राचा नायट्रस ऑक्साइड करतात. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, म्हणून ‘थोड्या’ म्हणजे नेमकं किती, हे महत्त्वाचं. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेने ते १ टक्का धरलं. शेजारीच शक्यतेची मर्यादाही दिली: ०.३ ते ३ टक्के. पुढे सगळ्यांनी १ उचलला आणि मर्यादा तिथेच राहिली.

गावी तुमच्या काकांच्या शेतात जाते ती युरियाची ४५ किलोची गोणी घ्या. ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. त्याचा १ टक्का काढा, नत्राचं वजन वायूच्या वजनात आणा, २७३ ने गुणा. साधारण ८९ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. कारखान्यातला धूर यात नाही, हा फक्त शेतातून थेट निघणारा वायू.

२०१९ मध्ये सुधारणा झाली. रासायनिक खतासाठी ओल्या हवामानात १.६ टक्के, कोरड्यात ०.५. म्हणजे तीच गोणी ओल्यात १४२ किलो, कोरड्यात ४४. पाऊल चांगलंच होतं. पण उष्ण प्रदेशात ओलं-कोरडं ठरतं वर्षाच्या पावसावर: १००० मिलिमीटरच्या वर गेला की ओलं. रत्नागिरी ओली, सोलापूर कोरडं. आता सोलापूरचा ऊस आठवा. पाटाचं पाणी भरल्यावर त्या सरीत पाय घातलात तर चप्पल रुतून बसते. पाणी ढगातून आलं की उजनीतून, जिवाणूंना काय फरक पडतो?

दुसरी गोष्ट. २०१५ पासून भारतात युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. त्याने नत्राचं मातीतलं रूपांतर मंदावतं. या गुणाकाराला तो लेप दिसत नाही. एकाने खत तीन हप्त्यांत दिलं, दुसऱ्याने मोठ्या पावसाच्या आदल्या दिवशी एकदम टाकलं, दोघांचं उत्तर एकच. शेतकऱ्याला आकडा कमी करायचा एकच मार्ग उरतो: गोण्या कमी करा.

मग सरळ मोजत का नाही, असं तुम्ही विचाराल. मी तेच करते. इंग्लंडमधल्या एका गव्हाच्या शेतात जमिनीवर बंद डबे ठेवून सिरिंजने हवेचे नमुने घेते. दहा फुटांवरच्या दोन डब्यांत कित्येक पटींचा फरक येतो. खतानंतर पाऊस पडला की मोजक्या दिवसांत वर्षाचा मोठा वाटा निघून जातो. तो आठवडा हुकला तर वर्षाचा आकडाच चुकतो. जगातल्या प्रत्येक शेतात हे शक्य नाही, आणि म्हणूनच तो ठोकताळा जन्माला आला. स्वतःची मोजमापं नसलेल्या देशाने आपला एकूण अंदाज बांधावा, यासाठी. हजारो शेतांच्या सरासरीत चुका एकमेकींना थोड्याफार खातात. एका शेतावर तोच आकडा ठेवला की ही सोय जाते.

हे नुसतं शास्त्रीय कुरकुरणं राहत नाही, कारण आता या आकड्यांवर पैसे मिळू लागलेत. एखाद्या कार्बन क्रेडिट योजनेने हाच तक्ता वापरला, तर एक गोणी वाचवल्याचे रत्नागिरीत १४२ किलो मिळतील आणि सोलापुरात ४४. ठिबक करून, हप्ते पाडून, तेवढ्याच गोण्यांत वायू कमी करणाऱ्याला शून्य.

म्हणून पुढच्या वेळी असा आकडा दिसला की दोन प्रश्न विचारा. हा मोजलाय की गुणलाय? आणि याची मर्यादा कुठे छापलीय? आपल्या त्या गोणीपुढे ८९ ऐवजी ‘२७ ते २६६’ असं लिहिलं, तर २००६ च्या तक्त्याशी ते जास्त प्रामाणिक होईल. खोक्यावर तेवढी जागा नक्की असते.